सापापेक्षा लपवालपवी महाग: नाशिकच्या साप पाळणाऱ्यांना खुलं पत्र

नाशिकमधल्या साप पाळणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

स. न. वि. वि.

आपण एकमेकांना ओळखतो, पण बहुतेक टोपणनावानं. गंगापूर रोडला कुणाच्या बेडरूममध्ये बॉल पायथन आहे, सिडकोत कुणाकडे कॉर्न स्नेक आहेत, देवळालीत कुणी बोआ ठेवलाय, असे हे बिनविषारी परदेशी साप कुठे आहेत हे आपल्यातल्या चारपाच जणांना माहीत असतं आणि शेजारच्या फ्लॅटला नसतं. घरमालकाला नसतं, सोसायटीच्या सेक्रेटरीला नसतं. एका घरात तर आजीलाही नाही. त्या बंद खोलीत नातवाच्या कॉलेजचा प्रोजेक्ट चालू आहे, असं तिला सांगून ठेवलंय. इथपर्यंत मी समजू शकते. साप म्हटलं की लोक आधी काठी शोधतात, चौकशी मागाहून करतात.

पण ही लपवालपवी आता शेजाऱ्यांपुरती राहिलेली नाही. आपण आपल्याच माणसांपासून लपवायला लागलोय. साप आजारी पडला तर विचारत नाही, पळाला तर सांगत नाही, झेपेनासा झाला तर बोलत नाही. वनखात्याला, महापालिकेला, विकणाऱ्यांना पत्र लिहिण्यासारखं पुष्कळ आहे आणि कधीतरी ते लिहीनही. आधी आपल्याशीच बोलून घ्यावं म्हटलं.

गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगते, ज्याची आहे त्याला विचारून. निफाडकडच्या एका मुलानं रात्री उशिरा फोटो पाठवला. बॉल पायथन हातावर उताणा धरलेला, पोटाचे खवले तपकिरी पडलेले, दोन ठिकाणी पाणी सुटलेलं. विकणाऱ्यानं त्याला सांगितलं होतं, “आपल्या हवेत आरामात राहतो, थंडीत फक्त जरा ऊब दे.” पोरानं ऊब दिली. आईचा कंबरदुखीचा हीटिंग पॅड साप ठेवायच्या टाकीखाली सरकवला आणि रात्रभर चालू ठेवला. थर्मोस्टॅट नाही. वरची हवा गारठलेलीच, त्यामुळे साप त्या एका तापलेल्या जागेवरून हललाच नाही. गारठलेल्या सापाला ऊब सोडवत नाही, खालून कातडी भाजत असली तरी. पहिला डाग दिसला तेव्हा तो बोटाच्या पेराएवढा होता. तेव्हा का नाही विचारलंस, असं म्हटल्यावर उत्तर आलं, “ताई, कुणी स्क्रीनशॉट काढून वनखात्याला पाठवला तर?”

त्याचा साप कायदेशीर होता, हे आणखी विशेष. कागद ड्रॉवरमध्ये पडून होते.

निफाडची थंडी ही दर डिसेंबर-जानेवारीत पेपरात छापून येणारी बातमी आहे. पारा पाच अंशांच्या आसपास जातो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. शहरात तितकं नसलं तरी वरच्या मजल्यावरच्या खोलीत पहाटे १५-१६ अंश सहज होतात. बॉल पायथन मूळचा घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या पट्ट्यातला. त्याला टाकीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश हवे असतात, म्हणजे कुठे बसायचं ते त्याचं त्याला ठरवता येतं. सगळी टाकी एकसारखी गरम करणं हेही चूकच. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, पॅड आणि टाकीच्या तळाच्या मध्ये चिकटवा. तो वर हवेत लोंबत ठेवला, तर हवा कोमट होईपर्यंत खाली पॅड तापतच राहतो. दुकानात मिळणारे ‘हीट रॉक’, म्हणजे विजेवर तापणारे दगड, तर घेऊच नका. साप घेण्याआधी थर्मोस्टॅट घ्या. थर्मोस्टॅटचे पैसे नसतील तर सापाचेही नाहीत, असं माझं सरळ गणित आहे आणि ते बऱ्याच जणांना आवडत नाही.

वीज गेली तर? इन्व्हर्टरवर छोटा पॅड तासन् तास चालतो. इन्व्हर्टर नसेल तर थर्माकोलचा खोका काढा, साप कापडी पिशवीत घालून त्यात ठेवा, शेजारी गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून. बाटली पिशवीला टेकू देऊ नका. आणि ज्या दिवसांत विजेचा भरवसा नाही, त्या दिवसांत खायला घालू नका. पोटातला उंदीर पचायला ऊब लागते. ती मिळाली नाही तर तो आत कुजतो आणि साप उलटून टाकतो. उलटला की लगेच दुसरा उंदीर पुढे करायचा नाही. पंधरा दिवस तरी पोटाला विश्रांती द्या, पाणी मात्र ठेवा. निरोगी मोठा बॉल पायथन थंडीत दोनदोन महिने तोंड लावत नाही, यात नवल काही नाही. तेवढ्यानं घाबरून तोंड उघडून कोंबायला जाऊ नका. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, हवं तर वेगळा घ्या, आणि आठवड्याला वजन लिहून ठेवा. वजन टिकून असेल तर स्वस्थ बसा. दहा टक्क्यांच्या वर उतरलं तर फोन करा.

त्या निफाडच्या पोराच्या सापाला डॉक्टर मिळाला, ड्रेसिंग झालं, दोन-तीन काती टाकल्यावर खवले भरून आले. डाग आहे अजून.

थंडीचं झालं, आता कातीचं सांगते, कारण मार्चपासून मे संपेपर्यंत आपल्याकडची हवा कोरडीठाक असते आणि त्याच काळात सगळ्यात जास्त फोटो येतात. बॉल पायथनला ६० टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो. ओलसर कोकोपीट त्यासाठी उत्तम, आणि नाशिकमध्ये त्याचा तुटवडा नाही. पॉलीहाऊसवाल्यांना ते पुरवणाऱ्या दुकानांत अख्खी वीट मिळते, पेट शॉपच्या चिमुकल्या पाकिटापेक्षा कितीतरी स्वस्त. साप कात टाकून मोकळा झाला की कात फेकू नका. डोक्याकडचा भाग उजेडासमोर धरून बघा. डोळ्यांच्या जागी दोन गोल, पारदर्शक टोप्या दिसल्या पाहिजेत. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावरची ही काच कातीबरोबरच निघते. कातीत तिथे भोक दिसलं, तर काच सापाच्या डोळ्यावरच राहिली आहे. चिमट्याच्या वाटेला जाऊ नका. झाकणाच्या डब्यात ओला टॉवेल घालून, हवेला भोकं ठेवून साप त्यात बसवा, टाकीतला दमटपणा वाढवा आणि पुढच्या कातीची वाट बघा. दुसऱ्या कातीलाही राहिली तर डॉक्टर.

आता कागदपत्रांचं. इथे भीती खरी किती आणि ऐकीव किती, हे एकदा नीट वाचून घ्या. जून २०२० मध्ये केंद्रानं परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेनं माहिती द्यायला सांगितलं आणि ठरलेल्या मुदतीत सांगणाऱ्याला कागद विचारणार नाही, अशी मुभा दिली. आपल्यातल्या जुन्या लोकांची कागदपत्रं तिथूनच सुरू होतात. मग वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिनं कायद्याला एक नवं चौथं परिशिष्ट जोडलं, त्यात साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या परदेशी जाती आहेत. त्या बाळगणाऱ्यांसाठी २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम आले. अर्ज केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करायचा. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिने दिले होते, आणि नव्यानं घेणाऱ्याला ताब्यात आल्यापासून ३० दिवस. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तेही कळवायचं. सगळे अजगर आणि बोआ साइट्समध्ये येतात, म्हणजे बॉल पायथन आलाच. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही. तरी कुणाकडून घेतला त्याचं बिल आणि पिलाचा फोटो जपून ठेवा, कारण दारात आलेल्या पोलिसाला बॉल कुठला आणि कॉर्न कुठला हे कळेलच असं नाही. ज्यांची मुदत हुकली त्यांनी वकील गाठून लेखी अर्ज करावा. वाट बघत बसल्यानं कागद आपोआप तयार होत नाहीत.

ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी मोकळेपणानं बोलायला सुरुवात केली, तर बाकीच्यांची भीड चेपेल. मी सुरुवात माझ्या सोसायटीपासून केली. सेक्रेटरीकाकांना वर बोलावलं, टाकीचं कुलूप दाखवलं, नोंदणीची झेरॉक्स दिली. काका दारातच उभे राहिले, आत काही आले नाहीत. पण झेरॉक्स घेऊन गेले आणि पुढच्या मीटिंगमध्ये कुणीतरी कुरकुर केली तेव्हा तोच कागद त्यांनी टेबलावर ठेवला.

एक रेघ मात्र पक्की. भारतीय साप घरात ठेवणं हा छंद नाही, गुन्हा आहे. बिनविषारी असो, जखमी असो, ‘स्वतःहून घरात आला होता’ असो. धामण, दिवड, तस्कर, नानेटी, कवड्या, मांडूळ, सगळे यात आले. कायद्याच्या लेखी पकडणंसुद्धा शिकारीत मोडतं. अजगरासारख्या पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आहे. मांडुळाबद्दल वेगळं सांगायला नको. गुप्तधन आणि दुतोंड्याच्या खुळ्या समजुतीपायी त्याचे लाखांचे भाव बोलले जातात आणि तो बिचारा पोत्यात गुदमरून मरतो. कुणी तुम्हाला मांडूळ ‘पाळायला’ देऊ केला, तर तो माणूस कीपर नाही, दलाल आहे.

आता खरा प्रश्न. एखादा कोवळा पोरगा आपल्याला लिहितो की त्याच्याकडे बरणीत एक तस्कर आहे, सुंदर दिसतो म्हणून शेतातून आणला, चार दिवस झाले खात नाही, काय करू? माझ्या डोळ्यांसमोर असं घडलंय. उत्तरं काय आली? एकानं लिहिलं, जेलात जाशील. दुसऱ्यानं हसण्याच्या बाहुल्या टाकल्या. तिसऱ्यानं त्याला ग्रुपमधून काढूनच टाकलं. पोरगा गप्प झाला. तस्कराचं काय झालं कुणालाच कळलं नाही, आणि कळावं असं कुणाला वाटलंही नाही. आपण मात्र फार जबाबदारीनं वागलो, असं समजून सगळे झोपी गेले.

मला हे पटत नाही. त्याला खायला काय घालायचं ते सांगायचं नाही, टाकी कशी सजवायची ते तर नाहीच. पण त्याच्याशी बोलायचं मात्र. बरणीचं झाकण सैल कर, हवेशीर पिशवीत ठेव, सावलीत ठेव, पाणी दाखव, आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन कर. फोनवर जीभ अडखळत असेल तर आपल्यातल्या कुणी मोठ्या माणसानं त्याच्याबरोबर वनविभागाच्या ऑफिसात जावं. साप जिथून उचलला ती जागा आठवून सांगायला लावावी, कारण सोडायचा तर तो तिथेच, त्याच्या ओळखीच्या शेताच्या बांधावर. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला सापाची इतकी ओढ असेल तर तो उद्याचा चांगला सर्पमित्र आहे. त्याला हाकलून देणाऱ्यांपेक्षा हात धरून ऑफिसात नेणारा मला जास्त जबाबदार वाटतो. हे लिहिल्याबद्दल काही जण माझ्यावर चिडणार आहेत. चिडा, पण पुढच्या वेळी त्या पोराला उत्तर द्या.

विषारी परदेशी सापांबद्दल दोनच वाक्यं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर बनतं. आफ्रिकेतल्या व्हायपरचा दंश घेऊन तुम्ही जिल्हा रुग्णालयात पोचलात, तर तिथल्या डॉक्टरनं करायचं काय?

पळालेल्या सापाकडे येते. हा विषय लाजेचा करून ठेवलाय आपण, म्हणून त्यावर जास्त लिहिते. साप पळतोच. झाकणाची एक खिट्टी राहिली, जाळीचा कोपरा उचकटला, की करंगळी जाईल एवढ्या फटीतून कॉर्न स्नेकचं पिल्लू बाहेर. पहिल्या तासात बहुतेक तो त्याच खोलीत असतो. दार लावा, दाराखाली टॉवेल सारा, बाथरूमची मोरी बंद करा. मग उबेच्या जागा शोधा. फ्रिजच्या मागचा कॉम्प्रेसर, इन्व्हर्टरची बॅटरी, वॉशिंग मशीनचं पोट, गाद्यांची घडी. नाही सापडला तर रात्री फरशीवर गव्हाचं पीठ अगदी पातळ भुरभुरवा, भिंतीच्या कडेनं विशेषकरून, कारण साप भिंत धरून जातो. सकाळी पिठात ओळ दिसते आणि कुठल्या कपाटाखाली गेला ते कळतं. आईला आधी सांगा. पिठाबद्दल ती बोलेल, पण सापाबद्दल न सांगितल्याचं ती आयुष्यभर बोलेल.

आणि शेजाऱ्यांना सांगा, त्या दिवशीच. कारण बॉल पायथन जिन्यात दिसला तर त्यांना काय दिसतं, याचा विचार करा. आखूड, जाडजूड, तपकिरी, अंगावर ठिपके. त्यांना ती घोणस वाटते. आणि घोणस वाटल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दारावर जाऊन सांगितलं, मोबाइलवर फोटो दाखवला, ‘हा चावला तरी विष नाही, फक्त मला हाक मारा’ असं म्हटलं, तर शिव्या खाव्या लागतील. पण काठी पडणार नाही.

दुसरी शक्यता मला जास्त सतावते. कुणी सर्पमित्राला बोलावलं, तो आला, त्यानं शहाणपणानं न मारता साप पकडला आणि अजगराचं पिल्लू समजून अंजनेरीकडच्या रानात सोडून दिला. त्याचा हेतू चांगलाच, पण आफ्रिकेतला साप सह्याद्रीत गेला. एक तर तो थंडीत मरणार, नाही तर आपल्या पिंजऱ्यातले विषाणू तिथल्या अजगरापर्यंत नेणार. अजगर-बोआंमध्ये मज्जासंस्थेचा ‘आयबीडी’ नावाचा रोग आहे, त्यावर औषध नाही, आणि बोआ तर वर्षानुवर्षं काही लक्षण न दाखवता तो बाळगू शकतो. म्हणून नवा साप आणला की निदान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवा म्हणते मी. गोचिडांचेही तेच. आपल्यातल्या प्रत्येकानं आपापल्या भागातल्या दोन-तीन सर्पमित्रांशी ओळख ठेवावी, त्यांना बॉल पायथन, कॉर्न, किंग स्नेक, मिल्क स्नेक यांचे फोटो पाठवून ठेवावेत. ते आपल्याकडे संशयानं बघतात, हे खरं. आपणही त्यांना रीलवाले म्हणून हिणवतो. दोन्हीकडे थोडंथोडं खरं आहे, पण रात्री अकराला पंचवटीत वेगळाच साप निघाला तर एकमेकांचा नंबर हवा.

जाणूनबुजून सोडणाऱ्यांना मात्र माफी नाही. ‘निसर्गात मोकळा केला’ असं म्हणून गोदावरीकाठी किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला साप सोडणं म्हणजे त्याला मारणं किंवा इतरांना मारणं, दोन्हींतलं एक. चिनी कासव म्हणून नाण्याएवढं विकलं जाणारं लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतलं. लोकांना ते मोठं झाल्यावर नकोसं झालं आणि आता देशभरच्या तळ्यांत बसलंय. सापांचंही उदाहरण आहे, फ्लोरिडात सुटून माजलेल्या बर्मी अजगरांचं सगळ्यांना ठाऊक असतं. पण स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर काय झालं तेही वाचा. तिथे पाळीव कॅलिफोर्निया किंग स्नेक निसटले, वाढले, आणि फक्त त्या बेटावर मिळणारा मोठा सरडा जिथे जिथे ते पोचले तिथून जवळपास नाहीसा झाला. किंग स्नेक आपल्याकडेही हौसेनं घेतले जातात. आपल्या कायद्यानं अशा उपद्रवी परदेशी जातींवर बंदी घालायचा अधिकार केंद्राला दिलेलाच आहे. एकदोन बेजबाबदार माणसांपायी सगळ्यांच्या टाक्या रिकाम्या व्हायला वेळ लागणार नाही.

विकणाऱ्यांनो, तुमच्यातले काही हे वाचत असणार. पेट शॉपला २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती भिंतीवर दिसेल अशी लावा. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते. अशा वाटेनं आलेला माल ‘होम ब्रीड’, म्हणजे घरी पैदास केलेला, म्हणून माझ्या गावातल्या पोरांना विकू नका. साप कुरिअरच्या खोक्यात घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकू नका. ‘स्पायडर’ नक्षीचा बॉल पायथन विकताना त्याचं डोकं का डुलतं ते सांगा. तो सुंदर नाच नाही, तोल बिघडवणारा जन्मजात दोष आहे, आणि नक्षीपायी तो मुद्दाम पैदा केला जातो. मुख्य म्हणजे, विकलेला साप परत घ्या. अर्ध्या किमतीत घ्या, फुकट घ्या, पण घ्या. बारावीतला मुलगा साप नेतो, तेव्हा पुढची तीस वर्षं नेत असतो. त्यात त्याचं पुण्यातलं इंजिनिअरिंग येतं, बंगळुरूची नोकरी येते, लग्न येतं. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये आलेल्या बॉल पायथननं २०२० मध्ये, साठी उलटल्यावर अंडी घातली. हे दुकानात कुणी सांगत नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात. गल्लीतला, सापळ्यात सापडलेला उंदीर कधीही देऊ नका, त्याच्या पोटात बाजारातलं विष असू शकतं आणि ते सापाच्या पोटात जातं. जिवंत उंदीर टाकीत सोडून व्हिडिओ काढणाऱ्यांनी १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा वाचावा. शिवाय भुकेला नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो, पाठीचे मणके दिसेपर्यंत कुरतडलेले साप मी पाहिलेत. गोठवलेला उंदीर फ्रिजमध्ये सावकाश सोडवून, मग गरम पाण्यात पिशवीसकट ठेवून अंगाइतका कोमट करून चिमट्यानं द्या. मायक्रोवेव्ह नाही. आणि घरात श्रीखंडाच्या डब्याशेजारी पिंकींचं (उंदरांच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांचं) पाकीट ठेवू नका हो. छोटा डीप फ्रीझर सेकंड हँड मिळतो, घरातली शांतता त्याहून महाग आहे. साप हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात साप द्यायचा नाही, साल्मोनेला सापाच्या अंगावर काही लक्षणाशिवाय असतो.

डॉक्टरांची अडचण खरी आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचे जाणकार पशुवैद्य नाशिकमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि अवघड केस कसारा घाट उतरून मुंबईला किंवा मग पुण्याला न्यावी लागते. म्हणूनच आपल्यात घरगुती डोस सांगायची खोड लागली आहे. ती सोडा. कुत्र्याच्या गोचिडांवरचं आयव्हरमेक्टिन कुणीतरी सापासाठी सुचवतं, वाचणारा कासववाला ते कासवाला देतो आणि कासव मरतं, कारण कासवाला ते विषच आहे. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकातोंडाशी बुडबुडे, मान वर धरून बसणं, ही छातीच्या संसर्गाची लक्षणं. यावर सल्ला एकच, टाकीचं तापमान तपासा आणि डॉक्टर गाठा. ज्याच्याकडे गाडी आहे त्यानं घाट उतरायला सोबत करावी. खर्च झेपत नसेल तर वर्गणी काढू, पण आधी सांगा.

जुन्या जाणत्यांना वेगळं सांगते. दादा, ताई, काका, तुम्ही गोणपाटावर आणि साठ वॅटच्या बल्बवर साप जगवलेत, ठाऊक आहे. तेव्हा माहिती मिळत नव्हती. म्हणून आज नव्या माणसाच्या प्रश्नावर ‘आधी गुगल कर’ म्हणायचा हक्क मिळत नाही. तोच प्रश्न शंभराव्यांदा आला तरी उत्तर द्या, नसेल वेळ तर दुसऱ्याकडे पाठवा. आणि नव्यांनो, फोटो पाठवताना तापमान, दमटपणा, शेवटचं खाणं, शेवटची कात, वजन एवढं एका दमात लिहा. नुसतं ‘ताई बघा ना’ लिहून रात्री एकला झोपून जाऊ नका, आम्ही जागे राहतो.

आता मागणी. दिवाळीच्या आधी, थंडी पडायच्या आत, आपण एक यादी करू. नाव टोपण असलं तरी चालेल, भाग खरा हवा. कुणाकडे इन्व्हर्टर आहे, कुणाकडे जादा थर्मोस्टॅट पडून आहे, कोण दोन आठवडे साप सांभाळू शकतो, कोणाची गाडी रात्रीअपरात्री निघू शकते, कुठल्या डॉक्टरनं साप बघायची तयारी दाखवली आहे. ज्यांना साप आता ठेवणं जमत नाही, त्यांनी त्याच यादीत लिहा. कारण विचारणार नाही. नोंदणीच्या हस्तांतराचे कागद करून देऊ, घर शोधू. माझ्याकडे एक रिकामी टाकी, जादा थर्मोस्टॅट आणि इन्व्हर्टरवरची एक खोली आहे. यादीत माझं नाव गंगापूर रोडखाली पहिलं लिहा.

कळावे,

तुमच्यातलीच एक,
गंगापूर रोड, नाशिक